ओठ, दात आणि मधला पापुद्रा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

ओठ चावणं, सोलणं, चोखणं याविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ या वेळी घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण बाकीच्या बऱ्याच उत्तरांचा पाया त्यात आहे, म्हणून ते आधी वाचावं.

*

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अभ्यासिकेत बसले की खालच्या ओठाची सालं दातांनी सोलत राहते. रक्त येतं, आमटीचा घास झोंबतो. मन घट्ट करून चार दिवस थांबते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. हा मानसिक आजार आहे का? आणि सुटणार कसा? (पुणे)

पाचव्या दिवशी पुन्हा सुरू होतं, असं तुम्ही लिहिलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे. साधारण त्याच सुमारास खपली सुकते आणि तिच्या कडा सुटायला लागतात. जिभेला ती कड लागते, जीभ तिथेच घुटमळते, मग दात ती कड चिमटीत धरतात आणि ओढतात. पापुद्रा आपल्याला हवा तिथे तुटत नाही, शेजारची जिवंत कातडी घेऊनच निघतो. नवी जखम, नवी खपली, नवी कड. तुमचा निश्चय कच्चा आहे असं समजू नका. तो सगळा दातांना आवरण्यात खर्च होतोय, आणि दातांना बोलावणारा पापुद्रा मात्र तसाच राहतोय.

ओठाचा लाल भाग मुळातच नाजूक. त्याच्यावरचा कठीण थर फार पातळ असतो. तिथे घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, आणि केसांच्या मुळाशी असतात तशा तेलाच्या ग्रंथीही जवळपास नाहीत. स्वतःचं तेल नसलेली कातडी कोरड्या हवेत किंवा एसीत लगेच ताणली जाते आणि उलते. ती ओली करायला आपण जीभ फिरवतो. लाळ वाळताना ओठ आणखी कोरडा पडतो, शिवाय लाळेतली पाचक द्रव्यं उघड्या कातडीला चिडवतात. चाटण्याने ओठ ओला राहतो हा समज इतका पक्का आहे, की अर्धी लढाई इथेच हरली जाते.

आता आजाराबद्दल. विचार करताना कधीमधी ओठ दाताखाली धरणं हा चाळा आहे, त्याला कुठलंही नाव द्यायची गरज नाही. पण वारंवार जखमा होत असतील, थांबवायचे प्रयत्न फसत असतील, त्याचा मनस्ताप होत असेल किंवा लोकांत जायचं टाळलं जात असेल, तर मानसोपचारात त्याची नोंद केस उपटणं, त्वचा खरवडणं, नखं खाणं यांच्याच घरात होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत आणि २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही ही जागा ओसीडीच्या शेजारी आहे. तरी ही ओसीडी नव्हे. ओसीडीत एखादा नको असलेला विचार छळतो आणि माणूस भीतीपोटी कृती करतो. इथे भीती नसते. सालपट निघाल्याचं क्षणभर समाधान असतं, म्हणूनच सवय चिवट होते. आणि हे फक्त टेन्शनमध्येच होतं असंही नाही. कंटाळा, वाट बघणं, मोबाइल चाळणं, एकाग्र वाचन, या सगळ्यांत होतं. टेन्शन घेऊ नकोस, असं सांगून म्हणूनच काही साधत नाही.

हे सोडवायची जी पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते, ती नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये मांडली. सवय उलटवणं, असं तिला म्हणता येईल. तुमच्या बाबतीत ती अशी करा.

पहिले तीन-चार दिवस काहीच थांबवू नका, फक्त लिहा. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने पुरेत: वेळ, काय चाललं होतं, ओठाची कुठली जागा, आणि दात लागण्याच्या आधी काय झालं. चौथा रकाना सोन्याचा. बहुतेकांना त्यात कळतं की दातांच्या आधी जीभ गेली होती, किंवा बोटाने ओठ चाचपला होता. सवय मोडायची ती याच क्षणी. पापुद्रा दातात आल्यावर उशीर झालेला असतो.

याच दिवसांत ओठ गुळगुळीत करायला घ्या. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. चेहरा धुतल्यावर ओठ टिपून घ्या आणि जरा दमट असतानाच मुगाच्या दाण्याएवढी लावा. दिवसातून सहा ते आठ वेळा, जेवणानंतर हमखास, आणि झोपताना जाड थर. बोटाने चाचपायची सवय असेल तर डबी घेऊ नका, काडीसारखं फिरवता येणारं लिप बाम घ्या. डबीतलं लावताना बोटाला कड लागते आणि नख कामाला लागतं.

सुटलेलं सालपट दिसलंच, तर कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं पाच मिनिटं ओठावर धरा. मग जेवढं पूर्ण सुटलंय तेवढंच स्वच्छ, लहान कात्रीने कापा. ओढायचं अजिबात नाही. साखर-मधाचं स्क्रब, दातांच्या ब्रशने घासणं, लिंबू चोळणं हे सगळं विसरा. यूट्यूबवर ते छान दिसतं, पण उललेल्या ओठावर साखरेचा दाणा सँडपेपरचं काम करतो.

पाचव्या दिवसापासून पर्यायी कृती. जीभ ओठाकडे निघाली असं जाणवलं, की ओठ हलकेच मिटायचे, वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे ठेवायचे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकवायचं आणि नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. एक मिनिट. इच्छा तशीच असेल तर आणखी दोन. या स्थितीत ओठ चावताच येत नाही आणि शेजारच्या टेबलावरच्याला काही कळतही नाही. दातावर दात आवळू नका, नाहीतर ओठ सुटून जबडा धरेल. बोटं चुळबुळत असतील तर त्याच वेळी पेन मुठीत घट्ट धरा. रोज घरी ही कृती दहा वेळा मुद्दाम करा, इच्छा नसतानाही. गरजेच्या क्षणी आठवण्यासाठी ती आधी अंगवळणी पडलेली असावी लागते.

अभ्यासिकेपुरतं तोंडाला काहीतरी काम देता येतं. चिमूटभर बडीशेप किंवा बिनसाखरेचं च्युइंगगम, तेही अर्ध्या तासाच्या वर नको. सुपारी मात्र नको, साधी नको आणि सुगंधी तर मुळीच नको. एक सवय सोडायला त्याहून वाईट सवय लावून घेण्यात अर्थ नाही.

लोक कुठे अडखळतात? पहिल्याच दिवशी 'आजपासून एकदाही नाही' असं ठरवतात, संध्याकाळी एकदा चावतात आणि आता गेलंच म्हणून उरलेली साल सोलून काढतात. शून्य मोजू नका, आठवड्यात किती वेळा रक्त आलं ते मोजा. दुसरं, आरशात सारखं बघणं. तिथे कड दिसते आणि हात जातो. आठवड्यातून एकदा, एकाच जागी, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, तेवढं पुरे. जखमा आठवडाभरात भरतात, पण सवय विरायला दोन-तीन महिने धरून चाला. परीक्षा जवळ आली की ती डोकं वर काढेल, तेव्हा वही पुन्हा उघडायची.

दोन महिने नीट करूनही जखमा थांबल्या नाहीत, किंवा सोबत झोप उडणं, सतत धास्ती, उदास वाटणं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि सवय उलटवण्याचं प्रशिक्षण देता का, असं स्पष्ट विचारा. सगळेच देत नाहीत. पहिलं पाऊल म्हणून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

*

नऊ वर्षांच्या मुलाच्या खालच्या दाढेचं काम झालं. घरी आल्यावर त्याने बधिर झालेला ओठ चावून चावून सुजवला. आज दुसरा दिवस, जखमेवर पिवळट-पांढरं साचलंय. पू झालाय का? अँटिबायोटिक द्यावं का? (नाशिक)

बहुतेक वेळा तो पू नसतो. तोंडातली जखम ओली असते, त्यामुळे तिच्यावर बाहेरच्यासारखी काळसर खपली धरत नाही, पिवळट-पांढरा मऊ थर धरतो. तो पुसून किंवा खरवडून काढू नका, त्याच्याखालीच जखम भरते. सूज पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त दिसते. पूर्ण भरायला सात ते दहा दिवस, खोल असेल तर दोन आठवडे लागतात. अँटिबायोटिकची सहसा गरज नसते.

पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाहेरून पाच-पाच मिनिटं लावतात. आता दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा: एक पेला पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ. खायला दहीभात, मऊ खिचडी, गार ताक. तिखट, टोमॅटो, लिंबू, चिवडा बंद. ओठावर पेट्रोलियम जेलीचा थर ठेवा म्हणजे तो दाताला चिकटणार नाही. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे २५ किलोच्या मुलाला एका वेळी २५० ते ३७५. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बधिर करणारं जेल लावू नका. पुन्हा बधिर झालेला ओठ तो पुन्हा चावेल.

ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज कमी व्हायच्या ऐवजी गालाकडे पसरू लागली, किंवा मूल पाणीही पिईना, तर थांबू नका, दंतवैद्याला दाखवा.

पुढच्या वेळेसाठी: खालच्या दाढेचं इंजेक्शन त्या बाजूचा अर्धा ओठ आणि बऱ्याचदा जीभही दोन ते चार तास, कधी त्याहून जास्त, बधिर ठेवतं. मुलाला ओठ फुगल्यासारखा, परका वाटतो, म्हणून तो चघळून बघतो. दुखत नाही, त्यामुळे आपण काय करतोय हे त्याला कळतच नाही. तेव्हा इंजेक्शनआधी पोट भरलेलं असावं, म्हणजे नंतर जेवायची घाई होत नाही (औषध देऊन झोपवून काम करणार असतील तर मात्र उपाशीपोटाचा नियम डॉक्टर सांगतील तसाच पाळायचा). भूल उतरेपर्यंत चावायचं काही नाही आणि फार गरमही नाही. आणि त्या तीन-चार तासांत कुणीतरी मोठ्या माणसाने समोर बसायचं. मोबाइल हातात देऊन स्वयंपाकघरात गेलात, की नेमकं तेव्हाच हे होतं.

*

खालच्या ओठाच्या आत वाटाण्याएवढा निळसर, पाणीदार फोड आला आहे. दुखत नाही. सुईने फोडला, चिकट पाणी आलं, आठ दिवसांत परत भरला. (सांगली)

वर्णनावरून हा म्युकोसील वाटतो. ओठाच्या आतल्या बाजूला लाळेच्या बारीक ग्रंथी असतात. चावल्याने त्यांतली एखादी नळी फाटली की लाळ बाहेर यायच्या ऐवजी आतच साठते. खालच्या ओठावर, मधोमध नाही तर जरा बाजूला, सुळ्याच्या टप्प्यात, ही त्याची नेहमीची जागा. मुलांत आणि तरुणांत जास्त. धोक्याचा नाही. काही आपोआप जातात.

फोडून मात्र उपयोग नाही, कारण गळणारी ग्रंथी तशीच राहते. घरच्या सुईने जंतू आत जातात तो वेगळाच ताप. तीन-चार आठवड्यांत गेला नाही किंवा परत परत भरत असेल, तर ओठ बधिर करून फोड आणि त्याच्या बुडाशी असलेल्या त्या ग्रंथी एकत्र काढतात. दोन-तीन टाके, त्याच दिवशी घरी. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात, त्याला घाबरू नका, ती रीतच आहे. ओठ चावणं मात्र थांबायला हवं, नाहीतर शेजारची नळी फाटेल.

एक लक्षात ठेवा: असाच फोड *वरच्या* ओठात, घट्ट आणि हळूहळू वाढणारा असेल, तर तो म्युकोसील असण्याची शक्यता कमी. तो लवकर दाखवावा.

*

लिप बाम लावूनही ओठ सुकतात, सालं जास्तच निघतात. कुठलं चांगलं? (नागपूर)

आधी तुमच्याकडच्या बामची मागची बाजू वाचा. मेंथॉल, कापूर, दालचिनी, सुगंध किंवा चव असं काही असेल तर तेच कारण असू शकतं. थंड-थंड वाटतं ते चांगलं, असं नसतं. गोड चवीच्या बाममुळे जीभ ओठावर जास्त फिरते, हाही एक तोटा. साधी पेट्रोलियम जेली, घरचं तूप, किंवा कोकणातून कुणी आणून दिलं तर कोकमतेल, ज्याला तिकडे मुठेल म्हणतात. ते घट्ट असतं, बोटाच्या उबेने किंचित वितळवून लावायचं. उन्हात काम असेल तर दिवसा एसपीएफ ३० असलेलं बाम घ्या, विशेषतः खालच्या ओठासाठी, कारण ऊन त्याच्यावरच पडतं.

बाम बदलूनही फरक नाही, तर टूथपेस्ट बदलून बघा: फेस कमी येणारी, पुदिना-दालचिनी नसलेली, चार आठवडे. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ जवळजवळ प्रत्येकाचे सुकतात, तेव्हा गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. आणि ओठांऐवजी जिवणीचे कोपरे फाटून चिघळत असतील तर प्रश्न वेगळा आहे. तिथे बुरशी, लोहाची किंवा बी-१२ची कमतरता, सैल कवळी ही कारणं बघावी लागतात. बामने ते जाणार नाही.

*

माझे पती गाल आणि खालचा ओठ आतून चावतात. तिथे पांढरे चट्टे आलेत. ते म्हणतात चावल्यामुळे आलेत. ते तंबाखू-चुनाही खातात. (जालना)

ते म्हणतात ते खरं असूही शकेल. सतत चावलेलं अस्तर जाड होतं, पांढरट आणि खरबरीत दिसतं, त्याचे बारीक तुकडे सुटतात. दात पोचतील तेवढ्याच पट्ट्यात ते असतं, बहुधा दोन्ही गालांवर, आणि त्याचा कर्करोग होत नाही.

पण तोंडात तंबाखू असेल तर 'चावल्यामुळे' हे स्पष्टीकरण कुणीही, डॉक्टरनेसुद्धा, नुसतं बघून स्वीकारू नये. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरतात, म्हणजे खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, तिथे येणारा न पुसला जाणारा पांढरा चट्टा ल्युकोप्लाकिया असू शकतो, आणि त्यातल्या काहींचं पुढे कर्करोगात रूपांतर होतं. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांनाही हेच लागू. पांढऱ्यात लाल भाग मिसळला असेल तर काळजी जास्त.

घरी एवढं बघा. तोंड पूर्ण उघडल्यावर त्यांचीच तीन बोटं, एकावर एक उभी, पुढच्या दातांमध्ये मावतात का? मावत नसतील, तिखट लागताच आग होत असेल, गाल आतून ताठ लागत असतील, तर तो सुपारी-गुटख्याचा परिणाम असू शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२मध्ये बंदी आली, पण मावा आणि सुपारी पानाच्या टपरीवर मिळतातच, तेव्हा ते काय काय खातात हे नेमकं विचारा.

दवाखान्यात दातांचं टोचणारं टोक घासून गुळगुळीत करतात, तंबाखू आणि चावणं दोन्ही थांबवायला सांगतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. चावल्याचा चट्टा तेवढ्यात विरायला लागतो. तसाच राहिला तर छोटा तुकडा काढून तपासणी. ही तपासणी पुढे ढकलू नका. तुकडा काढला की कर्करोग पसरतो, ही भीती गावोगाव ऐकू येते आणि तिच्यापायी लोक महिने घालवतात. ती खरी नाही. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, सरकारी दंतमहाविद्यालयांतही हे काम कमी खर्चात होतं.

*

जेवताना सारखा एकाच जागी ओठ चावला जातो. (पणजी)

एकदा चावला की तिथे सूज येते, सूज दातांच्या वाटेत येते, म्हणून पुन्हा तिथेच चावला जातो. चार-पाच दिवस दुसऱ्या बाजूने, लहान घास घेऊन, गप्पा न मारता जेवा. त्यानेही थांबलं नाही तर दात बघायला हवा: नुकतंच भरलेलं किंवा टोपी घातलेलं काही, झिजून धारदार झालेली कड, गालाकडे वाकलेली अक्कलदाढ. धार घासून काढणं दोन मिनिटांचं काम आहे. सकाळी उठल्यावर चावलेलं दिसत असेल आणि जबडा दुखत असेल, तर झोपेत दात खाल्ले जातायत का ते विचारा. त्यावर रात्री घालायचं गार्ड मापाने बनवून मिळतं. औषधाच्या दुकानातलं तयार गार्ड सैल बसतं आणि उलट चघळलं जातं.

*

मुलगी आठ वर्षांची. खालचा ओठ सतत वरच्या दातांखाली धरून चोखते. ओठाखाली लाल पट्टा उमटलाय. पुढचे दात बाहेर येतायत. ओठाला कारल्याचा रस लावला, मिरचीही लावून पाहिली. (रत्नागिरी)

मिरची ताबडतोब बंद करा. कातडी आधीच सोललेली आहे, तिच्यावर तिखट म्हणजे भाजणं, आणि आग झाली की मूल जास्तच चाटतं. कारलं निरुपद्रवी आहे, पण ओठावर ते पाच मिनिटंही टिकत नाही. लाल पट्ट्यावर दिवसातून चार-पाच वेळा पेट्रोलियम जेली लावा. आठवड्यात कमी झाला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. स्टिरॉइडचं मलम स्वतःहून आणू नका, तोंडाभोवती त्याने वेगळाच पुरळ येतो.

आता दात. इथे कोंबडी आधी की अंडं हे ठरवावं लागतं. ओठ वरच्या दातांच्या मागे अडकला की तो वरचे दात पुढे ढकलतो आणि खालचे आत. पण वरचे दात आधीच पुढे असतील, तर ओठाला तिथे आयती जागा मिळते आणि तो आपोआप जाऊन बसतो. मुलीला दाढा मिटायला सांगा आणि बाजूने बघा: वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत आडवं अंतर किती? दोन-तीन मिलिमीटर स्वाभाविक. ते दुप्पट असेल किंवा ओठ जोर न लावता मिटत नसतील, तर रागावून, बक्षीस देऊन, कशानेही ओठ जागेवर राहणार नाही. वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टला आत्ताच दाखवा. सगळे दुधाचे दात पडू देत मग बघू, हा सल्ला इथे चुकीचा आहे. बाहेर आलेले दात खेळताना पडल्यावर तुटण्याचा धोकाही जास्त असतो. गरज वाटली तर खालच्या दातांपुढे ओठाला दूर ठेवणारी तार बसवतात, तिला लिप बंपर म्हणतात.

दात ठीक असतील आणि नुसतीच सवय असेल, तर टीव्ही बघताना पोस्टकार्डाची पट्टी फक्त ओठांत, दात न लावता धरायचा खेळ करा. दोन मिनिटांपासून सुरू करून पाच मिनिटांपर्यंत. ती तोंडाने श्वास घेते का, घोरते का, हेही बघा. घोरत असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञाची पाळी आधी.

*

सासूबाई ७४ वर्षांच्या. वर्षभरापासून काही नसताना तोंड चघळल्यासारखं हलतं, ओठ आत ओढतात, चावतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, मी कुठे काय करते? (इंदूर)

हे त्यांचं शेवटचं वाक्य फार उपयोगाचं आहे. सवय असणाऱ्याला बहुधा थोडी तरी जाणीव असते, इथे ती नाही. दोन गोष्टी तपासा.

एक, दात. सगळे दात गेले असतील किंवा कवळी सैल असेल तर खालचा जबडा जास्त वर येतो, ओठ आत पडतात आणि तोंड आधार शोधत हलत राहतं. नीट बसणारी कवळी दिली की हे बरंच कमी होतं.

दोन, औषधं. मळमळ, चक्कर, ॲसिडिटी, झोप किंवा मानसिक आजारासाठीची काही औषधं महिनोन्‌महिने घेतली, की तोंड-जीभ-ओठांच्या अशा नकळत हालचाली सुरू होऊ शकतात. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेव्होसल्पिराइड आणि स्किझोफ्रेनियावरची बरीच औषधं यांत येतात. लेव्होसल्पिराइड तर ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्येच मिसळलेलं असतं, आणि ती कॅप्सूल वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेतली जाते. घरात तिला नुसतं गॅसची गोळी म्हणतात, त्यामुळे ती डॉक्टरांना सांगायचीच राहते.

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घाला. त्यांच्या नकळत मोबाइलवर तोंडाचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, कारण डॉक्टरांसमोर हालचाल थोडा वेळ थांबते. झोपेत हालचाल चालू राहते का तेही एकदा रात्री बघून ठेवा. मग पिशवी आणि व्हिडिओ घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. स्वतःहून कुठलीही गोळी अचानक बंद करू नका. काही औषधं हळूहळूच कमी करावी लागतात, आणि एकदम सोडल्यास या हालचाली काही काळ वाढतात. तोपर्यंत ओठांना रात्री तुपाचा हात, आणि "तोंड हलवू नका" असं सारखं सांगणं बंद. त्यांच्या हातात ते नाही.